एक रुपयात गेलेलं रान

कोडिंग करणारा माणूस आज सातबाऱ्यात कुठं घुसला, असं वाटेल तुम्हाला. पण मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत "आपलं चार एकर सरकारजमा झालंय" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. पुढं कोणी काही सांगत नाही. आज तेच जरा उलगडू.

शब्द आहे आकारीपड. शेतसारा किंवा तगाई थकली की महसूल खातं जमीन लिलावात काढतं. बोली लावायला कोणी आलंच नाही, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २२०. सरकार स्वतः एक रुपयाची नाममात्र बोली लावून जमीन घेतं. हो, एक रुपया! आणि कोण येणार बोलीला? दुष्काळात पैसा नाही, त्यात भावकीच्या रानावर बोली लावून गावात तोंड कसं दाखवायचं?

त्याच कलमात परतीची वाटही होती. खरेदीपासून १२ वर्षांच्या आत थकबाकी, व्याज आणि दंड भरला की जमीन परत.

आमचं रान अहमदपूर तालुक्यात, आम्ही राहायला नांदेडला. १९७२ च्या दुष्काळानंतर आजोबांनी तगाई घेतली, ती फिटली नाही. मागच्या वर्षी जुना फेरफार हाती लागला, तेव्हा तारखा कळल्या. लिलाव १९७९ चा. आजोबा गेले १९८६ ला. मुदत संपली १९९१ ला. म्हणजे ते गेले तेव्हा अजून पाच वर्षं हातात होती आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं. रान आम्हीच कसत होतो ना, त्यामुळे गेलंय असं वाटायचंच नाही. पण सातबाऱ्यावर नाव सरकारचं. त्यामुळे पीककर्ज नाही, नुकसानभरपाई आली तरी आपल्याला नाही. सोयाबीन आमचं, घाम आमचा, कागद सरकारचा.

तो फेरफार शोधणं हीच मोठी कथा आहे. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. मग उस्मानाबादेत आले. १९८२ ला लातूर जिल्हा झाला, तेव्हा लातुरात. म्हणजे तालुका जागेवरच आणि जिल्हे तीन. तुमचा कागद १९८२ च्या आधीचा असेल तर लातूरच्या अभिलेख कक्षात "नाही" म्हटल्यावर घरी येऊ नका, धाराशिवलाही विचारा. निजामाच्या काळातला असेल तर उर्दू वाचणारा माणूस सोबत हवा. आम्हाला एका कार्यालयात चार वेळा "पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागलं. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला.

एवढी धडपड आत्ताच का? कारण बंद झालेलं दार उघडलंय. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की १२ वर्षं उलटून गेलेल्या आकारीपड जमिनीही मूळ शेतकऱ्याला किंवा वारसांना द्यायच्या, बाजारमूल्याच्या ५ टक्के रक्कम भरून. राज्यभरात ४,८४९ एकर आणि ९६३ शेतकरी, असा आकडा तेव्हा सांगितला गेला. समजा एकरी सरकारी मूल्य ८ लाख, तर एकराला ४० हजार. जमीन सरकारने दुसऱ्याला दिली असेल किंवा तिच्यावर शाळा, तलाव झाला असेल, तर गोष्ट वेगळी. परत मिळाल्यावरही अटी असतात, त्या नीट वाचा. दुसऱ्या दिवशी प्लॉटिंग करायचा विचार असेल तर विसरा.

खरा तिढा तहसीलमध्ये नव्हता, घरात होता. मोठे काका म्हणाले, "अरे, पोरींची लग्नं होऊन चाळीस वर्षं झाली, त्यांना कशाला ओढायचं यात?" मी म्हणालो, काका, आजोबांच्या हिश्शात दोन्ही आत्या वारस आहेतच. हे १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे, मी नवीन काही काढलेलं नाही. वारस लपवून केलेला अर्ज उद्या एका हरकतीत अडकतो, हे व्यवहाराचं झालं. माझं मत विचाराल तर व्यवहार बाजूला ठेवा. ज्या पोरींनी त्याच रानात खुरपणी केली, त्यांचं नाव गाळायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

काकांचा फोन दोन महिने बंद होता. लातूरची आत्या मात्र म्हणाली, "बाळा, माझ्या वाट्याचे पैसे मी भरते. नुसतं बापाच्या रानावर माझं नाव येऊ दे."

अर्ज गेलाय. पाच नावांनी, दोन्ही आत्यांसकट. काकांनी सही केली, बोलले काही नाहीत. सध्या मूल्यांकनाचा आकडा यायचाय. तो आला की पुढच्या भागात सांगतो. तुमच्या घरी असा जुना फेरफार असेल तर त्याचा नंबर नाही, फक्त साल आणि तालुका व्हॉइस नोटवर पाठवा.