ओंडका करवत का धरतो?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुरत परिसरातही झाडे उन्मळून पडली. भेस्तानसारख्या दाट वस्तीत झाड रस्त्यावर आडवे झाले की यांत्रिक करवत बाहेर निघते आणि पुष्कळदा पहिल्याच कापात रुतून बसते. दोष बहुधा धारेचा नसतो. ओंडका कोठे टेकला आहे, हे कोणी पाहिलेलेच नसते.

दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याच्या वरच्या अंगावर दाब असतो, खालच्या अंगावर ताण. वरून सरळ कापत गेल्यास चीर मिटते व पाते आवळले जाते. म्हणून वरून एक-तृतीयांश जाडी कापून उरलेला काप खालून वर घ्यावा. भिंतीवरून पुढे आलेले टोक अधांतरी असेल, तर क्रम उलटा: आधी खालून एक-तृतीयांश, मग वरून. मात्र खालून कापताना करवत माणसाच्या अंगावर रेटली जाते. तेव्हा दोन्ही हातांची पकड घट्ट हवी.

ओंडका जाड असल्यास पात्यामागे चिरेत लाकडी पाचर ठोकावी. ही युक्ती हातकरवतीच्या काळापासूनची. लोखंडी पाचर मात्र नको. तिच्यावर साखळीचे दात बोथटतात. एवढ्यावरही करवत अडकलीच, तर चालू यंत्राला हिसडे देणे हा शुद्ध अविचार होय. आधी यंत्र बंद करावे, पाचरीने चीर उघडावी आणि मगच पाते ओढून घ्यावे.