फोडणीआधीचा वाटा



पेण तालुक्यातल्या खारेपाटात, मुंबई-गोवा महामार्गालगत आमचे गडब गाव आहे. भाताचा मुलूख. घरातली जेवणे आटोपली की उरलेला भात, त्यावर कालवणाचा रस्सा आणि टोपाच्या तळाचा तवंग अंगणातल्या कुत्र्याला घालायचा, ही आपली जुनी रीत. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण ही माया कधीकधी मुक्या जिवावर बेतते.

आमचा मोत्या नऊ वर्षांचा. शिमग्याला आलेल्या पाहुण्यांनी लाडाने मटणाचे चरबीदार तुकडे त्याच्यापुढे टाकले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पोट दुखत असल्याने तो पाठ वाकवून कोपऱ्यात उभा राही. पशुवैद्यांनी निदान केले, स्वादुपिंडाला सूज. या आजारात स्वादुपिंडातले पाचकरस आतल्या आतच काम सुरू करतात आणि त्याच अवयवाला इजा करतात. सलाइन, औषधे झाली, मोत्या बचावला; पण यापुढे जेवण कमी चरबीचे, अशी ताकीद मिळाली.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात एक नियम झाला आहे : मोत्याचा वाटा फोडणीआधी काढायचा. फोडणीत तेल, वाटणात कांदा-लसूण आणि खोबरे. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ तिसरा हिस्सा चरबीच असते. कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतात. शिजवल्यानेही तो दोष जात नाही. मनुका, चॉकलेट आणि साखरमुक्त पदार्थांतले झायलिटॉल हेही त्याला विषच.

भात मात्र बंद करायचे कारण नाही. माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची ताकद आली, असे २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी जनुकांच्या अभ्यासातून दाखवले. लांडग्याला ते इतके जमत नाही.

आता कृती. कोंबडीची कातडी आणि दिसेल ती चरबी काढून छातीचे मांस नुसत्या पाण्यात उकडावे. ते पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की चरबी वर थिजते; ती चमच्याने काढून टाकावी. खालच्या पाण्यात मऊ भात शिजवावा, त्यात लाल भोपळा किंवा दुधी घालावा. मासळी द्यायची तर बांगडा, तारली नको, त्यांत तेल फार. ताजे बोंबील उकडून, काटे काढून द्यावेत. खारवलेली सुकी मासळी टाळावी. शिजलेली हाडे तर मुळीच नकोत. त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

खाऊही घरीच होतो. वाटीभर नाचणीच्या पिठात उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एका अंड्याचा पांढरा बलक घालून घट्ट मळावे. पातळ लाटून नखाएवढे तुकडे कापावेत आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर खरपूस होऊ द्यावेत. तेल, मीठ, साखर काही नको. पिवळा बलक बाजूला ठेवायचा, कारण अंड्यातली चरबी तिथेच असते. मात्र दिवसभराच्या आहारातला खाऊचा वाटा दहाव्या हिश्श्यावर जाऊ नये.

एक सावधगिरीही सांगते. आजारानंतरचे चार दिवस भात आणि कोंबडी पुरते, कायमचे नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे, त्यामुळे हाडे ठिसूळ होतात. थोडी चरबीही शरीराला लागतेच. वाढत्या पिल्लाची तर ती गरजच आहे. म्हणून कॅल्शियम, तेल, जीवनसत्त्वे यांचे माप कुत्र्याच्या वजनानुसार पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावे. नवे जेवणही आठवडाभर जुन्यात मिसळत हळूहळू सुरू करावे.

ताटाकडे टक लावून बसलेले डोळे पाहवत नाहीत, हे मी जाणते. पण ते डोळे म्हणजे भूक नव्हे. लॅब्राडोर कुत्र्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांमध्ये जनुकातल्या बदलामुळेच खाण्याची हाव जास्त असते, असे २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळले. तेव्हा डोळ्यांवर जाऊ नका, बरगड्या चाचपा. हलक्या हाताला त्या लागल्या तर वजन ठीक आहे. लागल्या नाहीत, तर वाढण्याचा हात आखडता घ्या.

वेगळी चूल मांडायला नको की महागडा डबा आणायला नको. तेल तापण्यापूर्वी एक वाटी बाजूला काढली की झाले.