देवळाभोवतीची गावबाग : हिवाळ्यातील पूर्वतयारी



जीर्णोद्धार होतो, कळस चढतो, गवंडी परत जातात आणि देवळाभोवती राडारोडा तेवढा उरतो. तेथे सर्वांची बाग व्हावी, असा विचार गावोगाव निघतो. मृगात उत्साहाने रोपे लागतात आणि पुढच्या चैत्रात त्यांच्या काटक्या उरतात. कारण बहुधा एकच : बागेचे हिवाळ्यातले काम झालेले नसते.

रब्बीची पेरणी उरकली की मार्गशीर्षात हात थोडे मोकळे होतात. प्रथम चुना-सिमेंटचा राडा उचलावा. तो गाडला तर दिसत नाही हे खरे. पण चुन्याच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही व पाने पिवळी पडतात.

मग पानगळ. झाडलोट करून पाचोळा पेटविण्याची चाल मोडलीच पाहिजे. इंदूरला होळकर संस्थानात १९२४ साली निघालेल्या संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसविली. १९३१ साली दोघांचे त्यावर पुस्तकही निघाले. हॉवर्डसाहेब हिंदी शेतकऱ्याला आपला गुरू मानीत. पाचोळा, शेण, थोडी माती, थोडी राख असे थर द्यावेत, ढीग ओलसर ठेवावा, अधूनमधून उलथावा. मार्गशीर्षातला ढीग फाल्गुनात खत होतो. निर्माल्यही त्यात चालते. मात्र हारांचा दोरा, प्लास्टिक व थर्मोकोल आधी निवडून काढावे.

बेल, आवळा, सोनचाफा यांचे खड्डे जमिनीत ओल आहे तोवरच खणावेत; मीटरभर लांब, रुंद व खोल. ते उन्हाळाभर तापू द्यावेत. रोप पावसाळ्यातच. तोवर एका वाफ्यात मेथी टाकावी. महिन्याभरात जुडी हाती येते आणि मुलांना हुरूप येतो.

सर्वांत अवघड गोष्ट पाण्याची. वैशाखात विहिरीवर घागरी येतात, तेव्हा बागेचा नंबर नंतरचा. म्हणून मागल्या उन्हाळ्यात विहीर कितपत उतरली होती ते आठवून पौषातच रोपांची संख्या ठरवावी. पन्नास वाळविण्यापेक्षा बारा जगवावीत. देणगीदारांच्या नावाची पाटी भिंतीवर लागतेच, पाणी घालणाऱ्याची कोणी लावीत नाही. तेव्हा घरटी पाळी लावून तिची वही देवळातच ठेवावी, आणि पाळी कोणत्याही वाडीची असो, पोहरा एकच असावा. भाजीची पहिली जुडी ज्याची पाळी चुकली नाही त्याच्या घरी जावी.