गाठीभोवतालची वस्ती



आम्ही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य गेटसभांत गेले. वाचले ते हौसेने. पण या विषयात आम्हांला एक ओळखीचा प्रकार दिसला. गिरणीत संप झाला की मालक एखादा चिथावणीखोर हुडकतो. खाते आधीच धुमसत नसेल तर एकट्याच्या भाषणाने एक मागही थांबत नाही, हे त्याला पटत नाही. कर्करोगातही शास्त्राची नजर पुष्कळ काळ बिघडलेल्या पेशीवरच खिळली होती.

वास्तविक १८८९ सालीच लंडनच्या स्टीफन पॅजेट या शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात पसरलेले २४१, प्लीहेत अवघे १७. रक्त तर दोन्हीकडे जाते! बी चहूकडे पडते, पण उगवते मानवेल त्या जमिनीत, असा त्याने निष्कर्ष काढला.

ही जमीन म्हणजे स्ट्रोमा. गाठीत नुसत्या कर्कपेशी नसतात. तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, रक्तवाहिन्या, संरक्षक पेशी अशी अख्खी वस्ती असते. जखम भरणे हे या वस्तीचे नेहमीचे काम. कर्कपेशी तिला रासायनिक सांगावे धाडतात, आणि ती जखम समजून राबू लागते: तंतू विणते, नव्या रक्तवाहिन्या आणवते. जखम भरली की काम थांबते, इथे ते थांबतच नाही. हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली गाठीला न भरणारी जखम म्हटले ते यामुळेच.

त्याच सुमारास अमेरिकेत मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीला कर्करोग करणारा विषाणू अंड्यातल्या गर्भाला टोचला, तर गाठ झाली नाही. पिलाला टोचला, तर टोचल्या जागी झाली. दुसऱ्या पंखाला जखम केली, तेव्हा तिथेही झाली.

मग वस्तीच उठवावी काय? स्वादुपिंडाच्या कर्करोगात ती फार दाट असते, औषध आत शिरू देत नाही. पण २०१४ साली उंदरांतल्या गाठींतून फायब्रोब्लास्ट काढून टाकले, तर रोग अधिकच पिसाळला. त्यांतले काही गाठीला आवरूनही धरत होते! सरसकट बडतर्फीचा हा परिणाम आम्हांला नवा नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात या पेशींना न मारता ड जीवनसत्त्वासारख्या एका द्रव्याने शांत केले. औषध गाठीत जास्त शिरले आणि उंदीर अधिक जगले. मात्र हे उंदरांचे झाले. उद्या सकाळी कोणी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात धावू नये.