परक्या अंगणातील खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या संत स्त्रीवर किंवा समाजसेविकेवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. चिटणीसबाईंनी मला विषयाची मोकळीक दिली, म्हणून मी आज बास्केटबॉल खेळणाऱ्या एका बाईविषयी बोलणार आहे. काहीजणींना हसू आले असेल. परंतु ह्या निमित्ताने मला जे मांडायचे आहे ते आपल्याच घरांतील मुलींबद्दल आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे अशी विनंती आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने फळांच्या टोपल्या उंच टांगून हा खेळ सुरू केला. पुढच्याच वर्षी, १८९२ साली, सेंडा बेरेन्सन ह्या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजातील मुलींना शिकवला. म्हणजे बायका ह्या खेळात उशिरा आल्या असे मुळीच नाही. त्यांना त्याचा पैसा मात्र फार उशिरा मिळू लागला. अमेरिकेत आज चालू असलेली बायकांची व्यावसायिक लीग १९९७ च्या उन्हाळ्यात सुरू झाली.

आपल्या कथेतल्या बाईचे नाव बेकी हॅमन. जन्म ११ मार्च १९७७, गाव साउथ डकोटा राज्यातील रॅपिड सिटी. उंची पाच फूट सहा इंच. आपल्याकडे ही उंची भरपूर वाटेल. पण टोपली दहा फुटांवर, आणि समोर सहा-सव्वासहा फुटी बायका हात पसरून उभ्या, अशा ठिकाणी ती ठेंगणीच. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाकडून खेळताना तिने एकंदर २,७४० गुण केले. तिच्या शेवटच्या वर्षी संघाने छत्तीस सामन्यांपैकी तेहतीस जिंकले. एवढे करूनही १९९९ साली लीगच्या संघांनी खेळाडू निवडले तेव्हा तिचे नाव कोणीच घेतले नाही. त्याला कारणही होते. बायकांची दुसरी एक लीग १९९८ च्या डिसेंबरात बंद पडली होती आणि तिच्यातल्या कसलेल्या खेळाडू त्याच निवडीत उतरल्या होत्या. शेवटी न्यूयॉर्कच्या लिबर्टी संघाने तिला सराव-शिबिरास बोलावले. तेथे तिने आपली जागा मिळवली, आणि पुढे कित्येक वर्षे टिकवली.

आता परदेशाची गोष्ट. ह्या लीगचा हंगाम उन्हाळ्यातला, आणि पगार बेताचा. २००८ च्या सुमारास पहिल्या प्रतीच्या खेळाडूलाही वर्षाला एक लाख डॉलरच्या आतच मिळत. त्याच लीगच्या पुरुषांच्या भावंडात कोट्यवधींचे करार होत. युरोपात मात्र बायकांच्या संघांना धनवान आश्रयदाते होते. त्यामुळे आपल्या कोकणातले चाकरमाने पूर्वी जसे मुंबईस जात, तशा ह्या मुली हिवाळा आला की रशिया, स्पेन, इटली, तुर्कस्तान गाठत. अंगाला विश्रांती नाही, भाषा येत नाही, आणि सणवार परक्या गावी.

हॅमनबाई २००७ साली मॉस्कोच्या त्सेस्का संघात गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्या दुसऱ्या आल्या होत्या. तरीही ऑलिंपिकसाठी अमेरिकेने प्रथम निवडलेल्या तेवीसजणींत त्यांचे नाव नव्हते. वय एकतिशीकडे झुकलेले. पुढची संधी चार वर्षांनी. तेव्हा त्यांनी २००८ साली रशियाचे नागरिकत्व घेतले, अमेरिकेचे न सोडता, आणि बीजिंगला रशियाकडून खेळण्याचे ठरवले. रशियन रक्ताचा एक थेंब अंगात नाही, आणि गणवेश मात्र रशियाचा! मायदेशात मोठाच गहजब झाला. अमेरिकेच्या संघाच्या प्रशिक्षिका अ‍ॅन डोनोव्हन ह्यांनी तर हे देशप्रेमाचे लक्षण नव्हे असे उघडपणे म्हटले.

भगिनींनो, ह्यात बरोबर कोण? डोनोव्हनबाईंचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. राष्ट्राचा संघ म्हणजे नोकरी नव्हे, असे मानणाऱ्यांना दुःख होणारच. पण जिला घरच्यांनी पानावर बसवले नाही, ती शेजारच्या पंक्तीत जेवली, तर दोष सगळा तिलाच द्यावा काय? आपण तर माहेर आणि सासर अशी दोन घरे आयुष्यभर सांभाळणाऱ्या. सासरची झाली म्हणून लेक माहेरची उरत नाही, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का? बीजिंगला उपान्त्य सामन्यात अमेरिकेने रशियाला ६७-५२ असे हरवले. अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजले तेव्हा रशियाच्या गणवेशातली ही बाई छातीवर हात ठेवून उभी होती. पुढे चीनला हरवून रशियाने कांस्यपदक मिळवले.

परदेशी कमाईला धोकाही असतो, हे सांगितलेच पाहिजे. ब्रिटनी ग्रायनर ही अमेरिकन खेळाडू रशियातील आपल्या संघाकडे जात असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर अटकेत पडली आणि डिसेंबरात सुटली. घरी पुरेसे मिळाले असते, तर दर हिवाळ्यात इतक्या दूर जाण्याची वेळ कितीजणींवर आली असती?

आता प्रशिक्षणाचा भाग. हॅमनबाई २००७ पासून अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या संघाकडून खेळत. त्याच शहरातील पुरुषांच्या स्पर्स संघाचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकहून परतताना विमानात दोघांची आसने शेजारी आली. पॉपोविच ह्यांनी तरुणपणी सोव्हिएत रशियाचा अभ्यास केलेला. त्यामुळे गप्पांना विषयांची वाण पडली नाही. पुढच्या वर्षी बाईंच्या डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. छत्तिसावे वर्ष. दुसरी कोणी घरी बसली असती. ह्या मात्र स्पर्सच्या सरावाला आणि बैठकांना जाऊन बसू लागल्या. कोण कोठे उभा राहतो, चूक कोठून सुरू होते, हे त्या वर्षात त्यांनी बाहेरून पाहिले. ऑगस्ट २०१४ मध्ये पॉपोविच ह्यांनी त्यांना साहाय्यक प्रशिक्षक नेमले. पुरुषांच्या त्या लीगमध्ये पूर्ण वेळ, पगारी साहाय्यक झालेली ही पहिली स्त्री. ३० डिसेंबर २०२० रोजी पंचांनी पॉपोविचना बाहेर काढले, तेव्हा उरलेला सामना बाईंनी चालवला. स्पर्स हरले, पण असा सामना चालवणारी स्त्री त्याआधी झाली नव्हती.

पुरुषांच्या संघाचे मुख्य पद मात्र मुलाखती देऊनही मिळाले नाही. मग २०२२ च्या हंगामापासून त्या लास व्हेगासच्या एसेस ह्या बायकांच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षिका झाल्या. गंमत अशी, की हा त्यांचाच जुना सॅन अँटोनिओचा संघ. २०१८ साली तो नव्या शहरी व नव्या नावाने गेला होता. पहिल्याच वर्षी विजेतेपद, २०२३ साली पुन्हा. त्याच वर्षी त्यांचा आणि पॉपोविचचा नेस्मिथ कीर्तिमंदिरात एकाच वेळी समावेश झाला.

मला मात्र २०२५ सालची गोष्ट अधिक मोलाची वाटते. २ ऑगस्टला त्यांचा संघ घरच्या मैदानावर १११-५८ असा हरला. त्रेपन्न गुणांनी! त्या घडीला चौदा सामने जिंकलेले, चौदा हरलेले. त्याच सुमारास ज्युएल लॉइड ही नावाजलेली खेळाडू पहिल्या पाचजणींतली जागा सोडून राखीव बाकावर बसू लागली आणि तेथून मैदानात उतरू लागली. मानाचे पान सोडणे किती कठीण, हे मंडळ चालवणाऱ्या आपणांस मी सांगायला नको. त्या हारीनंतर संघाने ओळीने सोळा सामने जिंकले आणि अंतिम फेरीत फिनिक्सला ४-० असे हरवून तिसरे विजेतेपद घेतले.

आता घरची गोष्ट. आपल्या गल्लीतल्या मुली सातवी-आठवीपर्यंत खेळतात. नववीला पाऊल टाकले, की "आता पुरे, दहावी आली" असे आपणच म्हणतो. मुलाला मात्र "तासभर खेळून ये, डोके ताजे होईल" असे सांगतो. परीक्षा दोघांची एकच, डोके दोघांचेही शिणते. सगळ्याच मुली परदेशी जाऊन नाव काढतील असे मी म्हणत नाही. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येणे, आणि दुसरीसाठी आपली जागा सोडणे, हे पुस्तकात शिकता येत नाही.

म्हणून एक सूचना करते. आपल्या मंडळाचे मागचे आवार संध्याकाळी पाच ते सात रिकामे असते. तेथे दोन खांब उभे करावेत, आठवड्यातून तीन दिवस नववीपासून पुढच्या मुलींसाठी राखावेत, आणि एखाद्या खेळलेल्या बाईला मानधन देऊन शिकवायला नेमावे. मानधन मी मुद्दाम म्हणते. बायकांचे काम फुकट समजण्याची सवय आपल्यापासूनच मोडू या. पुढच्या सभेत हा ठराव यावा, आणि त्यावर विरोधात बोलायचे असेल त्यांनीही मोकळेपणाने बोलावे.