गाडीला कोणते ऑइल घालावे?

मंडळी, आज धडा बाजूला ठेवू या. आज एका डब्यावरचे आकडे वाचू.

आपल्या ठाण्याच्या वर्गात एक ड्रायव्हरकाका येतात. नाव सांगत नाही, समोरच बसलेत. त्यांनी पुष्कळ वर्षे मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती गाडी. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. काकांनी त्याआधीच कर्ज काढून पेट्रोलची नवी गाडी घेतली होती.

ऑइल बदलायची वेळ आली. गॅरेजवाल्याने विचारले, "कोणतं घालू?" काका म्हणाले, "जाड घाल. आपल्याकडे उन्हाळा कडक." पद्मिनीला जाडच चालायचे ना! पडले २०डब्ल्यू-५०. मग सकाळी गाडी जड उठू लागली आणि पेट्रोल जास्त खाऊ लागली. हप्ता भरायचा, की पेट्रोल?

आता असे पाहा. काकवी तापवली की पातळ होऊन धावते. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. इंजिनच्या ऑइलचेही तसेच. गार असता दाट, तापले की पातळ. म्हणून डब्यावर दोन आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल गारठ्यात लवकर वाहते. नंतरचा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. हे आकडे स्वतः अंश नव्हेत बरं का; पुष्कळजण तिथेच फसतात. तापलेल्या इंजिनात ५० चे ऑइल २० च्या ऑइलपेक्षा जवळजवळ दुप्पट दाट राहते.

जुन्या इंजिनात भागांमधल्या फटी मोठ्या, तिथे दाट ऑइल ठीक. नव्या इंजिनात फटी बारीक. तिथे दाट ऑइल पोचायला उशीर लागतो, आणि पंपाला ते ढकलताना जास्त जोर लागतो. तो जोर पेट्रोलमधूनच येतो. उलट, जाड ऑइलच्या इंजिनात फार पातळ घातले तर भागांमधला थर तुटतो आणि धातू धातूला घासतो. तेव्हा "पातळ तेच चांगले" असेही धरू नका.

आणि उन्हाळ्याचे म्हणाल, तर बाहेर १८ अंश असोत की ३८, लांब चाललेल्या गाडीतले ऑइल १०० च्या आसपासच तापते. थर्मोस्टॅट नावाची झडप इंजिनची उष्णता ताब्यात ठेवते. काही गाड्यांच्या माहितीपुस्तकात हवेप्रमाणे दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. त्यांतली आपल्या हवेची घ्यावी, पुस्तकाबाहेरची नको. जुनी गाडी ऑइल पिऊ लागली, तरच थोडी जाड ग्रेड, तीही पुस्तकात असेल तर.

मी स्वतः जन्मभर सायकलवर शाळेत गेलो. हे सारे मी काकांच्या गाडीचे पुस्तक वाचून शिकलो. पण खरी गंमत पुढेच. गेल्या महिन्यात काकांनी बॉनेट उघडले आणि ऑइल भरायच्या झाकणावरचे अक्षर-आकडे स्वतः वाचले: ५डब्ल्यू-३०. इतके दिवस ते तिथेच होते!

परवा ते गॅरेजात गेले आणि म्हणाले, "आधी डबा दाखव." पोरगा जरा फुरंगटला. काकांनी डबा हातात घेऊन वाचला, आणि मगच ऑइल ओतू दिले. सकाळी गाडी आता हलकी उठते, म्हणतात. मधल्या काळात इंजिन किती झिजले, ते मात्र खोलल्याशिवाय कळणार नाही.