ताटावरचा हट्ट



"आमचा पोरगा काही खातच नाही," ही तक्रार आयांना आणि गुरुजींना नवी नाही. एकाला मेथी कडू लागते, दुसरा पिठल्यावाचून भाकरीला शिवत नाही. ख्रिस्ती घरात या हट्टाकडे कसं पाहावं, याविषयी आज थोडं बोलणार आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. माझी धाकटी मुलगी शेपूची भाजी पाहिली की तोंड फिरवी. मी तिला म्हणे, "देवानं दिलेलं अन्न नाकारणं पाप आहे." पुढे जेवणाआधीची तिची प्रार्थना लांबत चालली. आजी, शेजारी, गाय, वासरू, सर्वांसाठी ती देवाजवळ मागे. मला मोठं समाधान वाटलं. एके दिवशी तिच्या आईनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आमेन म्हटलं की शेपू खावा लागतो ना!" देवाचं नाव मी छडीसारखं वापरलं होतं.

अन्नाविषयीची कुरकुर पवित्र शास्त्र हलकी मानीत नाही. रानात मान्ना मिळत असूनही इस्राएल लोक मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडले, हे गणना पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात आहे. पण ती जाणती माणसं होती. दोन-तीन वर्षांचं मूल नव्या चवीला बिचकतं, तो त्या वयाचा स्वभावच आहे. कडू चव तर उपजतच नकोशी असते. एखादी भाजी अंगवळणी पडायला पुष्कळदा ती दहा-दहा वेळा चाखावी लागते. याला कृतघ्नपणा कसं म्हणावं? बापांनी मुलांना चिडवू नये, नाही तर ती खचतात, असं पौलानं कलस्सैकरांस लिहिलं आहे.

मग करावं काय? दानीएलानं कारभाऱ्याशी भांडण केलं नाही. "१० दिवस पाहा," एवढीच विनंती केली. आपणही तसंच करावं. ताटात काय वाढायचं ते आईबापांनी ठरवावं, किती खायचं ते मुलावर सोडावं. नवी भाजी घासभरच वाढावी, आणि तीच आपणही आवडीनं खावी. जेवणाच्या तोंडावर चहा-बिस्कीट देऊ नये. गुळाच्या खड्याची लाच तर नकोच; तिनं भाजी अधिकच नावडती होते. गुरुजींनीही शाळेत आहार वाढताना चार मुलांदेखत कुणाला लाजवू नये. मात्र मुलाचं वजन वाढत नसेल, घास गिळताना ठसका लागत असेल, किंवा ते दोन-तीनच पदार्थांवर राहत असेल, तर तो हट्ट समजू नका; डॉक्टरांना दाखवा.

आमच्या घरी आता शेपू वाटीत घासभरच असतो. कधी ती खाते, कधी तसाच ठेवते. प्रार्थना मात्र पुन्हा आखूड झाली आहे, आणि ती आता मनापासून होते, असं मला वाटतं.